बाणाच्या कळीतला A

बाई, आज मला सगळ्याचीच शिसारी आली आहे, आणि त्यात थोडा वाटा तुमचाही आहे. जुन्या पनवेलमध्ये बेकरीच्या वर तुमचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथल्या काळ्या पडद्यावरच्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, मी एकदा वरच्या ओळीवर जायला बाणाची कळ दाबली, आणि वर जाण्याऐवजी मजकुरात A उमटला. तुम्ही मागून येऊन माझ्या बोटांवर पट्टी मारलीत. "बाणांना हात लावायचा नाही!" मी विचारलं, "का?" तुम्ही म्हणालात, "का म्हणजे? नाही म्हटलं ना!" सगळा वर्ग हसला.

तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं लोटली. मी आता खारघरला एका कंपनीत इस्पितळांचे सर्व्हर सांभाळते, आणि तो एडिटर अजून चालूच आहे. गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या नव्या मुलीने, ती ओवे गावातली, एका इस्पितळाच्या सर्व्हरवर सेटिंगची फाइल दुरुस्त केली. नेटची लाइन मंद होती. दुपारपर्यंत रक्ततपासणीचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनासे झाले. फाइलमध्ये मधेच एक ओळ सापडली, तिच्यात नुसता A. आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला टायपिंगसुद्धा येत नाही. गावातून उचलून आणलं की असंच होणार." एरवी ती आमच्यासारखंच बोलते, त्या क्षणी घरची बोली तोंडात आली. "मी काय नाय केलं, मॅडम. नुसता वरचा बाण दाबला."

मग मी शोधून काढलं. बाणाची कळ बाण म्हणून काही पाठवतच नाही. ती आधी एस्केप पाठवते, मग O, मग A. तिन्ही लगोलग आले तर एडिटर समजतो, हा बाण. लाइन मंद असली, एस्केप पुढे येऊन बाकीचे मागे रेंगाळले, की त्याला वाटतं माणसाने एस्केपच दाबली, लिहिणं संपलं. मग O ही नवी ओळ उघडायची आज्ञा ठरते आणि A तिच्यात जाऊन बसतो. थोडं थांबायचं आणि अंदाज करायचा, एवढीच त्याची अक्कल! इतक्या वर्षांत किती हुशार लोकांनी ही घाण पाहिली असेल. त्यांनी तिच्यावर फडकं टाकलं आणि खापर शिकणाऱ्याच्या माथी फोडलं.

साहेबांपुढे मी लाइन मुद्दाम मंद करून तोच A पुन्हा काढून दाखवला. "असेल. पण बाण वापरलेच कशाला?" एवढंच ते बोलले, आणि चहा मागवला. मुलीला सर्व्हरच्या कामातून काढून फोन घ्यायला बसवलं आहे. मी जाता-येता दिसले की ती हसते, ते मला बघवत नाही.

खरं सांगू, बाई? हे सगळं मी साहेबांनाच लिहायला बसले होते. वर त्यांचं नाव घातलं, मग खोडलं. तुम्ही उलट बोलणार नाही, आणि माझी बढतीही तुमच्या हातात नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.