कमानीखालचं बिऱ्हाड

प्रिय लिब्रादो,

तुझ्या एवोकाडोला यंदा चांगला मोहोर आलाय, कोंबड्या तोमासाकाकूंकडे सुखात आहेत, आणि माझे गुडघे गावसभेत उभं राहण्यापुरते अजून साथ देतात. म्हणजे गावाची माझ्या भाषणांतून सुटका नाही, असं शेजारचा फिदेन्सियो म्हणतो. तुझ्या लेकीच्या घरी नळाला गरम पाणी येतं हे ऐकून बरं वाटलं. इथं धुकं दुपारीच अंगणात उतरतं आणि पुसून ठेवलेली भांडी पुन्हा ओली होतात.

गेल्या वर्षी सभेत बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही, हे आधीच सांगते. कांदेलारिया मातेच्या सणाला देवळाच्या दारात फुलांची कमान हवीच, हे मलाही मान्य होतं. पण त्यासाठी ओकच्या फांद्यांवरची, पानांच्या पेल्यात पाणी धरून राहणारी ती लाल रोपं जिवंत ओरबाडायची, आणि त्या पाण्याच्या आसऱ्यानं जगणारे, सरड्यासारखे दिसणारे सॅलॅमँडर उन्हात फेकून द्यायचे? ज्या जिवाला फुप्फुसंसुद्धा नाहीत, जो ओल्या कातडीनं श्वास घेतो, जो आपल्या दोन डोंगरांपलीकडे जगात कुठंच उरला नाही, त्याचं घर मोडून मातेचं दार सजवायचं? असं मी विचारलं, आणि पुन्हा विचारीन. सगळ्यांनी माझ्या बाजूनं हात वर केले. आयुष्यभर कमान बांधणारा तू मात्र टोपी उचललीस, "मग आता तुझ्या सरड्यांनाच सांग कमान उभारायला, ताई," म्हणालास, आणि शहराची बस धरलीस. त्या सणाला देवळाचं दार बोडकं राहिलं. तोमासाकाकू पायरीवर थबकून म्हणाल्या, "अगं बाई, चुकून दुसऱ्याच गावात आले की काय?"

यंदा मात्र उत्तरेचा वारा असा सुटला की जंगलात पडलेल्या रोपांनी पायवाटाही लाल झाल्या. सगळं गाव श्रमदानाला निघालं. वाऱ्यानं पाडलेलीच रोपं उचलायची, आत कुणी राहत असेल तर त्याला जवळच्या झाडावरच्या जिवंत रोपात सोडायचं, असं ठरलं होतं. पोरी हात लावायला बिचकत होत्या. हा प्राणी अंगावर चढला की बाईला दिवस जातात, असं आपली आजी सांगायची ना! तोमासाकाकूंनी एकाला अलगद ओल्या तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "ये रे बाबा, तूही नशीब आजमावून बघ." हसून हसून पोरींची भीती तिथंच संपली. ती सगळी रोपं आता तुझ्या पडवीत टांगली आहेत. गावात तेवढी गार जागा दुसरी नाही. तुला विचारलं नाही, खरं. पण तू किल्ली कुठं ठेवतोस ते अख्ख्या गावाला माहीत आहे.

मग तुझ्या कमानीचा सांगाडा न्यायला माणसं परसात गेली. तू टेकवून ठेवला होतास तसाच तो भिंतीला होता, शेवाळानं हिरवा झालेला. फिदेन्सियोनं सांगाड्याचा एक पाय जरासा उचलला आणि मी खाली वाकून पाहिलं. कुजक्या लाकडाच्या खोबणीत एक मादी वेटोळं करून बसली होती, आणि त्या वेटोळ्यात काचेच्या मण्यांसारखी तिची अंडी. कुणीतरी म्हणालं, "तिला हळूच दुसरीकडे ठेवू." पण हलवलं की ती अंडी सोडून जाते, हे मीच तर सभेत ओरडून सांगितलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी एवढंच म्हणाले, "ठेवा खाली." फिदेन्सियोनं टोपी काढली. "घ्या मास्तरीणबाई! लिब्रादोचे शब्द खरे झाले. सरड्यांनी कमान घेतली!" सगळे हसले, मीही हसले. पावसाची पहिली सर येईपर्यंत ती तिथून हलायची नाही.

तर लिब्रादो, फुलं आहेत, सण तोंडावर आहे आणि सांगाडा नाही. फिदेन्सियोनं दोन लाकडं वाकवून पाहिली. एक मोडलं, दुसरं असं वाकलंय की जणू हरवलेला जोडा शोधतंय. कुठल्या उताराचं लाकूड घ्यायचं, ते वाकवायला किती धुरी द्यायची, हे फक्त तुझ्या हातांना माहीत आहे. कमान बांधणाऱ्याला पाव आणि मेस्कल दारूची बाटली घेऊन दारात जाऊन बोलवायचं, ही आपली रीत. माझे गुडघे बस चढू देत नाहीत, म्हणून मीच सभेत ठराव मांडला, आणि आता टोपली घेऊन फिदेन्सियो तुझ्यासमोर उभा आहे. त्याला आधी बसायला सांग. तुला घेतल्याशिवाय परतायचं नाही, अशी त्याला तंबी आहे. आयुष्यभर तू एका आईसाठी कमान बांधलीस. आता एक आई तिच्याखाली राहायला आली आहे. ये आणि बघ. परसातून येशील तेव्हा पाय तेवढा हळू टाक.

मतावर ठाम आणि तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई,
सेनोबिया