पूर्वीला बोलतं करण्याची माझी पद्धत

८ सप्टेंबर, सोमवार
मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची चेतना आली होती. नातेवाइकांची मुलं सांभाळणाऱ्यांचा मुलुंडला दर शनिवारी 'सपोर्ट ग्रुप' भरतो म्हणे. मुलांना समुपदेशन, आम्हाला हेल्पलाइन, सगळं फुकट. वर म्हणते, थकलात तर पूर्वीला दोन तास आम्ही बघू, तुम्ही आराम करा. मी काय आजारी आहे? सख्ख्या धाकट्या भावाची मुलगी सांभाळायला क्लास लावायचा? बिनचहाची वाटेला लावणार होतो. आमच्या सौ. जानकीने चहा केला. खारीही दिली.

१० सप्टेंबर
धाकटा देवेश गेल्यावर पूर्वी वर्षभर आजोळी होती. आई तिची आधीच गेलेली. आता तिथली आजी अंथरुणाला खिळली, म्हणून जूनपासून आमच्याकडे. माझ्याशी बोलत नाही, पण स्वभावच शांत आहे. सेटल झालीय. माझी पद्धत सोपी, घरात देवेशचा विषय काढायचा नाही. फोटोसुद्धा कपाटात ठेवला. चेतना म्हणते, बापाबद्दल बोलू द्या तिला. कालची पोर मला शिकवणार.
संकल्प: पितृपक्ष संपायच्या आत पूर्वीला बोलतं करायचं.

१३ सप्टेंबर, शनिवार
जानकी आणि पूर्वी भाजी आणायला गेल्या. दुपार करून आल्या, हात हलवत. घाटकोपरला भाजी मिळत नाही म्हणजे कमाल आहे. वाट लागली या शहराची.

१४ सप्टेंबर
पूर्वीला जुहूला नेलं. शिस्त, अभ्यास, माझी नोकरी, सगळं समजावलं. तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही. झकास गप्पा झाल्या.

२० सप्टेंबर, शनिवार
आजही भाजी नाही. खडसावून विचारलं. जानकी म्हणाली, महिनाभर मुलुंडलाच जातोय आम्ही, चेतना त्या दिवशी तुम्हालाच बोलवायला आली होती. पूर्वी तिथे भरभरून बोलते म्हणे. परक्यांशी काय, कोणीही बोलतं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
देवेशच्या पानावर काय वाढायचं ते मीच ठरवलं. भावाची आवड मला नाही तर कोणाला ठाऊक? काजूची उसळ पाहिजेच म्हटलं. जानकी काहीतरी पुटपुटली, मी लक्ष दिलं नाही.

गच्चीवर पान ठेवलं. कावळे टाकीवर बसून नुसते बघतायत. देवनारचा कचरा खाऊन माजलेत. शेवटी हात जोडले, देवेशा, पोरीची चिंता नको, माझ्याकडे सुखात आहे. तरी एकही शिवेना.

पूर्वी मागे उभी होती. म्हणाली, बाबांना काजू चालायचे नाहीत, ओठ सुजायचे. काजूची उसळ काका तुम्हाला आवडते.

जूनपासून माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग काय आवडायचं, विचारलं. ती सांगायला लागली, रडली, पुन्हा सांगायला लागली. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझाच भाऊ, आणि मला ठाऊक नव्हतं. तिने खाली जाऊन कांदाभजी आणली, पानावर ठेवली. कावळा लगेच उतरला.

फोटो पुन्हा भिंतीवर लावला. संध्याकाळी चेतनाला फोन केला, म्हटलं शनिवारी मीही येतो. ती म्हणाली, पूर्वीला विचारून कळवते.