काळ्या कपाटातले मास्टर

१२ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. धंदा वाढला की सुरुवात कशी झाली ते माणूस विसरतो, म्हणून.

माझी जीपनी, उतारू वाहणारी लांब जीप, भंगारात गेली. अर्धं आयुष्य लेमेरी ते ताल आणि ताल ते लेमेरी. तो विषय संपला. 'ड्रायव्हर' हा शब्द या वहीत पुन्हा येणार नाही. आता नवीन लाइन: जुनं फर्निचर आणायचं, त्यात जीव ओतायचा, विकायचं. मी मुळात कलाकारच. घरच्यांनी ओळखलं नाही, इतकंच.

पाटी रंगवून आणली. नारा लाकडाची अस्सल फळी. 'अन्सेल्मो दिमाकुलांगान : जुन्या फर्निचरला नवा जन्म.' बायकोने, कॉन्सिंगने, वाचली आणि विचारलं, बाळ येशूच्या फळीला नवा जन्म कधी? ती फळी वाळवीने खाल्ली आहे. मूर्ती एका बाजूला कलली आहे. म्हणालो, उद्या.

१४ ऑक्टोबर

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, रविवारी, रोडेलकडचे मागणी घालायला येणार. आमची मुलगी निंगनिंग एकुलती एक. पोरगा बोटीवर नोकरीला, सध्या सुट्टीवर; जानेवारीअखेर पुन्हा बोट. लग्न त्याच्या आत व्हायला हवं, नाहीतर वर्षभर तो समुद्रात आणि ही इथे खिडकीत. 

कॉन्सिंग म्हणाली, सेल्मो, हे बघ, तू फक्त ती फळी बसव. बाकी कृपा कर आणि कशाला हात लावू नकोस. इतकं किरकोळ काम सांगून कलाकाराचा अपमान करू नये.  

१८ ऑक्टोबर

फळी आणायला जपानी सरप्लसच्या, म्हणजे जपानहून आलेल्या वापरलेल्या सामानाच्या, दुकानात गेलो. फळी नव्हती. कपाट आणलं.

पण काय कपाट! बाहेरून काळंभोर, चकचकीत. दारं उघडली की आत सगळं सोनेरी: पायऱ्या, बारीक खांब, चिमुकलं छप्पर. मधोमध कोनाडा. साहेबलोकांचं दारूचं कपाट असणार. दुकानदार म्हणाला, माहीत नाही, यंदा कुठलंसं घर रिकामं केलं, त्यातलं आहे. माहीत नाही म्हणजेच दुर्मीळ.

शेजारून चार माणसं बोलावून ते आत घेतलं. कॉन्सिंग बराच वेळ कपाटाकडे बघत राहिली. भारावली असणार. मग विचारलं, फळी?

१९ ऑक्टोबर

मोठा शोध! खणात एक फोटो सापडला. म्हातारा जपानी, ताठ बसलेला. डोक्यावर बिल्ल्याची टोपी, हातात पांढरे हातमोजे. सोबत काळ्या लाकडाची उभी पट्टी, तिच्यावर सोनेरी अक्षरं.

उलगडा लगेच झाला. हेच कपाट बनवणारे उस्ताद. लाकडाला बोटांचे डाग लागू नयेत म्हणून हातमोजे. टोपी म्हणजे हुद्दा. पट्टी म्हणजे गॅरंटी. फोटो मधल्या कोनाड्यात उभा केला. यापुढे त्यांना मास्टर म्हणायचं ठरवलं.

दुपारी बाजारातून पांढरे हातमोजे आणले.

२३ ऑक्टोबर

व्हार्निशचा पहिला हात. मूळ चकाकी चांगली होती, पण माझा हात फिरल्याशिवाय 'पुनर्जन्म' कसा म्हणणार?

शेजारचा पिद्योंग डोकावून म्हणाला, सेल्मोकाका, बुटक्यांचं चर्च आणलंत की काय? जळतो. जळणारा माणूस ही धंद्यातली पहिली पावती.

२५ ऑक्टोबर

व्हार्निश वाळलं नाही. हवा दमट आहे.

२८ ऑक्टोबर

अजून चिकटच. मांजराचे केस, एक पतंग आणि निंगनिंगची रिबन चिकटली. रिबन काढली. पतंग राहू दिला, नक्षीत खपून जातो.

खणात एक इवलीशी वाटी होती. तीत लांबानोग, आमची माडाची दारू, घोटभर बसते. संध्याकाळी एक वाटी मास्टरांपुढे ठेवली, एक मी घेतली. दिवसभराचं काम सांगितलं. शांतपणे ऐकतात, मध्ये तोडत नाहीत, फळीचा विषय काढत नाहीत. या घरात हा अनुभव नवीन आहे. रोज बसायचं ठरवलं.

१ नोव्हेंबर

आज गेलेल्यांच्या स्मरणाचा सण, सगळे कबरस्तानात. आई-बाबांच्या कबरीवर मेणबत्त्या, फुलं, भात. पिद्योंगच्या घरच्यांनी पत्ते आणले होते.

एक मेणबत्ती उरली. घरी येऊन कपाटात लावली. सोनं काय उजळलं! मास्टर जिवंत वाटले. आता रोज एक लावायची. गिऱ्हाइकावर इम्प्रेशन पडतं.

गिऱ्हाईक अजून आलेलं नाही.

८ नोव्हेंबर

उद्या पाहुणे. सगळी तयारी झाली. खालच्या पायरीवर रम, वरच्या पायरीवर जिन, मधे मास्टर, मेणबत्ती, त्यांची वाटी. खणातच पितळेचं एक छान वाडगं सापडलं होतं, त्यात खारे दाणे. रोडेलची आई बेनिल्डा बरीच वर्षं ओसाकात म्हाताऱ्यांची देखभाल करायला होती. तिला या कलेची कदर असणार.

कॉन्सिंगने फळीचं विचारलं. सकाळी पहिलं काम तेच.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

सकाळी हातमोजे इस्त्री करण्यात वेळ गेला.

पाहुणे आले. पान्सितच्या शेवया, सुमानचा गोड भात, भाजलेलं डुक्कर, सगळं रीतसर. बेनिल्डाबाई आत आल्या, कपाट पाहिलं आणि जागीच थांबल्या. मला वाटलं, जिंकलो! त्यांनी चपला काढल्या, गुडघ्यावर बसल्या, दाणे काढून रुमालात ठेवले आणि चमच्याने वाडगं वाजवलं. घणघण आवाज घरभर घुमला. मग हात जोडून डोळे मिटले. 

हळूच विचारलं, कोण हे आपले?

इथे माझी जरा चूक झाली असं निंगनिंगचं म्हणणं आहे. मी म्हणालो, हे मला वडिलांसारखे. जे आहे ते यांनीच शिकवलं. कधी गेले, असं विचारलं. दुकानदाराचं बोलणं आठवून म्हणालो, यंदाच.

बाई उठायला दाराला टेकल्या तर हात चिकटला. सोडवून घेतला. म्हणाल्या, व्याही, आधी सांगायचं नाही का? घरात वडीलधारं माणूस गेलंय, वर्षाच्या आत लग्न कसं करायचं? अपशकून होतो. वर्ष उलटल्यावर बघू.

रोडेलचा चेहरा पडला. निंगनिंग रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी जीपनीत माझ्या मांडीवर बसून पुढचा रस्ता बघायची, तशीच. त्या नजरेने मला फार वाईट वाटलं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण नेमका शब्द सापडेना. 'मास्टर' म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगता येत नाही.

कॉन्सिंगने थोडक्यात सांगितलं. म्हणाली, विहीणबाई, हा म्हातारा आमचा कुणी नाही. सरप्लसच्या दुकानातून कपाटाबरोबर फुकट आलाय. आणि ह्यांना कुणी काही शिकवलेलं नाही, ते तुमच्या हाताला कळलंच असेल.

बेनिल्डाबाईंनी हाताकडे पाहिलं, मग कपाटाकडे, आणि भुईवर बसून पोट धरून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, अहो, हा जपान्यांचा घरातला देव्हारा! मेलेल्यांसाठीचा. पट्टीवर त्यांचं मेल्यानंतरचं नाव असतं. रोज दिवा, घोटभर काहीतरी पुढे ठेवायचं आणि दोन शब्द बोलायचे. तुम्ही तर सगळं अगदी बरोबर करताय!

लग्न जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी ठरलं. निंगनिंग आता रडली.

जेवताना मी सहज विचारलं, पण हे सुतार तर होतेच ना? टोपी, हातमोजे?

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. म्हणाल्या, सुतार कसले, बिल्ल्यावर बसचं चाक आहे. मी रोज अशाच बसने कामाला जायचे. ड्रायव्हर होते हो.

पिद्योंगला कुणी बोलावलं होतं देव जाणे. सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

११ नोव्हेंबर

बाटल्या काढल्या. बेनिल्डाबाईंनी बजावलंय, देव्हारा विकायचा नाही, आता ते आजोबा तुमच्याकडेच राहणार. म्हणजे दुकानातला एकुलता एक माल कायमचा घरात. धंद्याला तात्पुरती विश्रांती.

संध्याकाळी वाटीत कॉफी ठेवली. मास्टरांशी लाकडाचं बोलणं टाळलं. मग ताल रस्त्यावरचं ते वळण सांगितलं, जिथे पावसात ब्रेक लागत नाही आणि गिअरवरच उतरावं लागतं. कितीतरी दिवसांनी कुणाला सांगितलं. त्यांना समजलं असावं.

१५ नोव्हेंबर

रोडेल आला होता. बोलता बोलता बाळ येशूची फळी बसवून गेला. अर्धा तासही लागला नाही. मूर्ती अगदी सरळ उभी आहे. घरात तेवढी एकच चांगली, सरळ फळी होती म्हणे. कॉन्सिंगनेच काढून दिली.

पाटीची रंगवलेली बाजू खाली आली आहे. जेवण झाल्यावर जमिनीवर उताणा पडलो की माझं नाव स्पष्ट वाचता येतं.