फेस आला, मामंजी!

राजापेठ, अमरावती

प्रिय मामंजी,

सासऱ्यांना 'तीर्थरूप' लिहायचं असतं, ठाऊक आहे मला. पण आज धीरच नाही, आणि तुम्ही कुठं असल्या गोष्टींवरून रागावणार आहात! तर ऐका. फेस आला, मामंजी! तुमच्या फेसनळीतून फेस आला आणि रोज येतोय. मुंबईचं समुद्रफूल आपल्या ओसरीवर आज एक महिना जगलं. पुरा महिना! हे तुम्हाला नाही सांगायचं तर सांगायचं कोणाला?

तुमचे चिरंजीव मघाशी डोकावून गेले. "बाबाले पत्र लिहून राह्यली? पत्ता काय टाकशीन?" म्हणाले. मी म्हटलं, पत्त्याचं मी पाहून घेईन, तुम्ही तेवढी ट्यूबमध्ये हवा भरा. गुपचूप पंप घेऊन बसले. तुमच्यासमोर त्यांनी असं कधी ऐकलं असतं का माझं?

तीस वर्षं तुम्ही कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्या सांभाळल्या. खेकडे, तारामासे, समुद्रफुलं, सगळी फॉर्मॅलिनमध्ये बुडालेली, पांढरीफटक. प्रत्येक बरणीवर तुमच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: नाव, गाव, जतन (नेहमी फॉर्मॅलिनच), सांभाळणार (नेहमी तुम्हीच). तुमच्या सदऱ्यांना तो वास इतका भिनलेला असायचा की सासूबाई ते वेगळे धुवायच्या.

आपलं वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं, तेव्हा लोक काय काय बोलत होते! तुम्ही मात्र जेवता जेवता म्हणालात, "चाला, आता समुद्र आपल्याच राज्यात आला." दोन वर्षांनी कॉलेजच्या सहलीबरोबर तुम्ही तो पाहायला गेलात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. परत आलात ते चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात!

"पोरी, ते फूल जितं हाय वं! खडकाले चिकटून राह्यते. बोट लावलं का मिटून घेते, अन् जरा वेळानं पुन्हा उमलते. मी तीस वर्षं पोरायले त्याचं मढं दाखवून राह्यलो!"

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आणि दुसऱ्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. समुद्राचा एक जीव अमरावतीत महिनाभर जगवून दाखवायचा. एक महिना जगला तरच त्याच्या काचेच्या हौदाला चिठ्ठी लावायची, त्याआधी नाही, हेही तुम्हीच ठरवलंत.

माझा भाऊ दिनकर मुंबईला गोदीत कामाला. त्यानं काचेच्या बुधल्यांतून समुद्राचं पाणी बडनेऱ्यापर्यंत आणायचं कबूल केलं. पण ते पाणी साफ कसं ठेवायचं? पुन्हा पुन्हा कोण आणून देणार? तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी एका परदेशी मासिकातलं चित्र तुम्हाला समजावून सांगितलं. जिवांचा मळ पाण्यात विरतो, तो बारीक बुडबुड्यांना चिकटतो आणि फेसाबरोबर वर चढतो. वरणावरचा फेस काढून टाकावा तसा तो काढून टाकायचा, की झालं.

काय काय जमवलंत तुम्ही! बूड फुटलेली उंच नमुन्याची बरणी, तिच्यावर कंदिलाची काच, काचेच्या तोंडाशी स्वतः बर्नरवर वाकवलेली नळी आणि नळीखाली मळ साठायला बाटली. हवेसाठी ट्रकची जुनी ट्यूब, सायकलच्या पंपानं भरायची आणि चिमट्यानं हळूहळू सोडायची. बुडबुडे बारीक यावेत म्हणून लाकडाचा ठोकळा हवा होता. सासूबाई म्हणाल्या, कडुनिंबाइतकं चोख दुसरं काही नाही. मग काय, बादलीभर पाणी कडूजहर! शेवटी परतवाड्याहून पांगाऱ्याचं लाकूड आणलंत. ते इतकं हलकं आणि सच्छिद्र, की बुडबुडे पिठासारखे येतील म्हणून तुम्ही पोरासारखे खूश झाला होतात.

दुसरीकडे एक साधा उपायही तयार होता, वाळू आणि कोळसा भरलेलं मडकं. मडक्यातून पाणी फिरवायलाही हवाच लागायची, आणि ट्यूबची हवा एकालाच पुरणार होती. फेसनळी की मडकं, एकच निवडायचं होतं.

आणि इथंच मी मधे पडले. मामंजी, हे लिहिताना अजूनही कान तापतात माझे.

समुद्राचं पाणी वाया जाऊ नये म्हणून तुम्ही नळाच्या पाण्यात फेसनळी लावून पाहिलीत. मोठमोठे बुडबुडे आले आणि फुटले. फेस नावाला नाही. तुम्ही म्हणालात, "खाऱ्या पाण्यात येईन." आणि मला हसू फुटलं. अहो, माझं माहेर हिवरखेडहून खाली, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरींचं पाणी खारट. त्यात धुणं धुवून माझ्या आईच्या हातांची सालटी निघाली!

"मामंजी, खाऱ्या पाण्यात कुठं फेस येते? आमच्या गावाले या. साबनाची अख्खी वडी घासा, फेस दिसला तर मले सांगा!"

सासूबाई हसल्या, तुमचे चिरंजीव हसले, शेजारच्या काकू कुंपणावरून हसल्या. तुम्ही ट्यूबचा चिमटा बंद केलात. माझ्याकडे पाहिलंत आणि अगदी सरळ आवाजात म्हणालात, "खरं हाय. तू खारपान्यातली लेक. तुले माह्यापेक्षा जास्त समजते." फेसनळी कापडात गुंडाळून माळ्यावर गेली, मडकं लागलं आणि दिनकरनं आणलेली तीन समुद्रफुलं हौदात सोडली.

काहून ऐकलंत हो माझं? मॅट्रिक नापास सुनेचं बोलणं तुम्ही एवढं मनावर घ्यायचं? दुसरा कुणी सासरा असता तर 'गप बस' म्हणाला असता. तुम्ही म्हणायला हवं होतं, मामंजी.

नवव्या दिवशी पाणी दुधाळ झालं. दहाव्या दिवशी वास सुटला. तिन्ही समुद्रफुलं आक्रसून सुपारीएवढी झाली आणि तळाशी पडली. कॉलेजातून बाईंनी फॉर्मॅलिनची बरणी पाठवली होती, ती तुम्ही तशीच परत केलीत. परसात खड्डा केलात. संध्याकाळी नेहमीसारखा माझ्या हातचा चहा मागून घेतलात. पुढं पौषात तुम्ही गेलात, छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं. त्या हसण्याची माफी मागायची राहूनच गेली.

यंदा दिवाळीला दिनकर आला. सोबत बुधले आणि ओल्या गोणपाटात बांधलेली बरणी! म्हणाला, "तुह्या मामंजीले कबूल केलं होतं, मंग आणावं तर लागतेच." बरणीत एकच समुद्रफूल होतं, मिटलेलं. सासूबाई म्हणाल्या, आता कोणासाठी? मी उठले. शिडी लावली आणि माळ्यावर चढले.

कापड सोडलं तर कंदिलाच्या काचेत कागदाची सुरळी. मी ओळखलं. तुमची चिठ्ठी! हात शिवशिवला हो, पण उघडली नाही. महिना झाल्याशिवाय नाही, असं तुम्हीच ठरवलं होतं ना?

पहिल्या दिवशी फेस नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण बुडबुडे! नळाच्या पाण्यात गोट्यांएवढे येत होते, ते या पाण्यात इतके बारीक, की बरणीत ताक ओतल्यासारखं दिसत होतं. मी सकाळ-संध्याकाळ शंभर-शंभर वेळा पंप मारत होते. सासूबाई माळ ओढत बसायच्या आणि मधेच विचारायच्या, "आला काय वं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओरडल्या. "शांते! अवं, धाव! चढून राह्यला!"

मी पिठाच्या हातांनी धावले. कंदिलाच्या काचेतून तपकिरी फेस हळूहळू वर सरकत होता, नळीत वळत होता आणि बाटलीत थेंब थेंब पडत होता. वास असा घाण, की काय सांगू! आणि आम्ही दोघी सासू-सुना त्या घाणीकडे पाहून नाचत होतो! नाचलो हो, खरंच. काकू पुन्हा कुंपणावर आल्या, पण या वेळी हसल्या नाहीत.

बाई येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, साबणाची गोष्ट वेगळी. खाऱ्या पाण्यात साबण फुकट जातो, पण बुडबुडे बारीक राहतात, म्हणून मळ धरतात. गोड्या पाण्यात ते जमतच नाही. म्हणजे आपण त्या दिवशी चुकीच्या पाण्यात परीक्षा घेतली आणि मी चुकीचा निकाल दिला! तुमचं बरोबर होतं, मामंजी. पहिल्यापासून बरोबर होतं.

आता समुद्रफूल रोज उमलतं. बाजारातल्या झिंग्याचा नखाएवढा तुकडा दिला की सगळ्या बोटांनी ओढून घेतं. कॉलेजची पोरं ओसरीवर रांग लावून पाहतात. एकानं विचारलं, "काकू, हे खरंच जितं हाय?" मी म्हटलं, "बोट लाव."

आणि आज महिना झाला. आंघोळ करून, सासूबाईंना शेजारी बसवून, मी सुरळी उघडली. तुमची निळी शाई, बरण्यांवरच्यासारखीच चार ओळी:

नाव: समुद्रफूल.
गाव: मुंबई.
जतन: जिवंत.
सांभाळणार: शांता.

मामंजी, ही सुरळी तुम्ही मी हसल्यानंतर ठेवलीत ना? मी हसले तेव्हा कंदिलाची काच फेसनळीवर रिकामीच होती, गुंडाळली ती त्यानंतर. मला किती रडू आलं म्हणून सांगू! सासूबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला, पाहिला, आणि खळ आणायला स्वतः उठल्या.

चिठ्ठी हौदाला लावली आहे. शब्द देते, उन्हाळ्यात ओली गोणपाटं बांधीन, पंप चुकवणार नाही, आणि हे फूल तुमच्या बरण्यांच्या कपाटात कधी जाऊ देणार नाही. चौथ्या ओळीला मी जागेन.

तुमची,
खारपाण्यातली लेक,
शांता