सिंहावरचा काळा पट्टा

आईस तुझ्या आर्नाउचा नमस्कार.

मी धडधाकट आहे. पाव आणि खारवलेला मासा पोटभर मिळतो. तुझा गुडघा कसा आहे? पाद्रीबाबा हे वाचून दाखवताना हसले, तर हसू देत.

बेरेंगेरसाहेबांनी (बाबा म्हणायची अजून मुभा नाही) अखेर आपला सिंह मला ढालीवर काढू दिला. लोखंडी टोपात तोंडं दिसत नाहीत, म्हणून माणूस ढालीवरच्या घराण्याच्या खुणेवरून ओळखायचा. माझ्या सिंहावर मात्र तिरका काळा पट्टा आहे, लग्नाबाहेरच्या पोराचा. त्यांच्या बायकोच्या पोराचा, गेराउचा, सिंह स्वच्छ.

गेल्या आठवड्यात लढाईत मी घोड्यावरून पडलो. चिखलात पट्टा बुजला, सिंहाचं डोकं तेवढं दिसत होतं. साहेब शत्रूच्या घोळक्यात घुसले आणि "ऊठ रे लेकरा!" म्हणत त्यांनी मला छातीशी धरलं. मी टोप काढला.

"तू होय?" ते म्हणाले. "मग गेराउ कुठाय?" आणि मला तिथेच टाकून निघून गेले.

गेराउ सुखरूप आहे. मीही आहेच.

आता मी रोज ढाल घासूनपुसून ठेवतो. पुन्हा कुणी चुकून लेकरा म्हणायला नको.

तुझा, एकट्या तुझाच,
आर्नाउ