बेल बंद करायचं बटण

खाली सही करणारा मी, वय एकाहत्तर, धंद्याने आधी वायरमन आणि गेली एकवीस वर्षं वृद्धनिवासाचा मालक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कान त्याहून शाबूत आहेत. त्यांचा दाखला कुणी मागितला नाही, पण पुढचं बरंच काही त्यांच्यावर अवलंबून आहे.

१. राहतं घर पत्नीला. "आता तुम्हाला एकटीला जमायचं नाही" असं तिला कुणी ऐकवू नये. काय जमतं ते तिलाच विचारावं.

२. पक्कड, टेस्टर आणि ड्रिल मशीन भाच्याला. लाकडी शिडी मेहुण्याला. लग्नानंतर दहा वर्षं तो चारचौघांत माझी ओळख "आमचे वायरवाले" अशी करून देत असे. शिडीची तिसरी पायरी हलते, हे त्याला आधी सांगावं. माझा राग तेवढा मोठा नाही.

३. वृद्धनिवास बत्तीस खाटांसह मुलीला, एका अटीवर. हाक मारायची बेल खाटेशी आहे, पण ती बंद करायचं बटण कॉरिडॉरमधल्या टेबलावर आहे. ते मीच बसवलं. वायर वाचली, शिवाय बेल किती वेळ वाजली ते टेबलावरच्या यंत्राच्या कागदी पट्टीवर छापून येऊ लागलं. सरासरी चाळीस सेकंद. हा आकडा मी सगळीकडे मिरवला. पण टेबलावरचं बटण बसल्या जागी दाबता येतं. माणूस मागाहून जातो, किंवा जातच नाही. बेल थांबायची आणि चपलांचा आवाज यायचा नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. आकडा चांगला होता, म्हणून मी बोललो नाही.

महिन्याच्या आत बटण प्रत्येक खाटेच्या उशाशी न्यावं, म्हणजे तिथे पोचल्याशिवाय बेल थांबायची नाही. आकडा चार मिनिटांवर गेला तर चार मिनिटं भिंतीवर लिहावीत, आणि माणसं वाढवावीत. कुणी पडलं असं सांगायला जो येईल, त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी.

४. सुरक्षिततेबद्दल मिळालेलं सन्मानचिन्ह तपासणी समितीच्या अध्यक्षांना परत. अडीच तासांत त्यांनी तीन कप चहा घेतला आणि एकाही खोलीत पाऊल टाकलं नाही. अर्थात, खुर्ची मीच पुढे केली होती.

५. हे कलम सात नंबरच्या खोलीतल्या मास्तरीणबाईंच्या मुलासाठी.

तुमच्या आईने बेल वाजवली होती. त्या दिवशी दुपारी पावणेचारला समिती माझ्या ऑफिसात होती. बेल वाजली, थांबली, पावलं आली नाहीत. मी नेमका बेलचीच तारीफ करत होतो. वाक्य पुरं केलं. मग पडल्याचा आवाज आला. कॉरिडॉरमधल्या टेबलाशी ड्युटीवर असलेल्या मुलीला दोष देऊ नका. तिच्या जोडीच्या दोघींना मीच चहापाण्याला लावलं होतं.

आधी धावली ती अकरा वर्षं आमच्याकडे असलेली आयाबाई, आमची मावशी. ती म्हणाली, "साहेब, बेल वाजली होती. मी त्या टोकाला ऐकली. तसं लिहा."

"तुम्ही त्यांना सांभाळा मावशी, लिहायचं मी बघतो," मी म्हटलं. आणि लिहिलं: रहिवासी बेल न वाजवता स्वतःहून उठल्या. यंत्राची पट्टी खिशात घातली.

खुब्याचं हाड मोडल्यावर बाई नऊ आठवडे होत्या. येईल त्याला सांगायच्या, "मी बेल वाजवली होती." तुम्ही उशाशी बसून म्हणालात, "आई, तुला आठवत नाहीये गं." मी दारात होतो. माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "यांना विचार."

"आराम करा बाई," मी म्हणालो.

चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई. शेवटच्या आठवड्यात स्वतःच म्हणू लागली, "नसेल वाजवली."

ती पट्टी आणि नोंदवहीतलं ते पान सोबत आहे. त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या घरच्यांनी आडवं येऊ नये.

६. मावशीला गावाबाहेरची जागा द्यायची होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला वाटा ठेवता येत नाही, दोन्हीतलं एक काय ते ठरवा. मावशी म्हणाली, "जागा नको. सही करते. पण ते पाचवं कलम त्या दादांना कधी कळणार? तुम्ही गेल्यावर?"

"तोंड दाखवायची हिंमत नाही, मावशी."

"आणि तुम्ही अजून पंधरा वर्षं जगलात म्हणजे? तोवर त्यांनी आईला विसरभोळी समजायचं? मग मी नाही सही करत."

वकील हसले. मला हसू आलं नाही.

म्हणून पाचव्या कलमाची प्रत, पट्टी आणि पान यांच्या छायाप्रतींसह, आज सकाळी रजिस्टर पोस्टाने त्यांच्या पत्त्यावर गेली आहे. पावती मावशीला दाखवली. जागा आता पत्नीच्या वाट्यात धरावी.

यापूर्वीचं माझं कोणतंही मृत्युपत्र रद्द समजावं. वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, दोनदा वाचलं, आणि पाचव्या कलमातला एकही शब्द मवाळ केलेला नाही.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १४ फेब्रुवारी, दुपार

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार
१. शेजारी, चष्म्याचे दुकानदार. यांनी माझ्यादेखत सही केली. (सही)
२. आयाबाई, वृद्धनिवास. माझ्यादेखत सही केली. पावती पाहिली. बेल वाजली होती. (सही)