सरांच्या नावावर

आबा, तुम्ही केळीचा घड घेऊन धुळ्याला, माझ्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सरांच्या घरी गेला होतात, त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तुम्ही होतात तोवर आज बोलू, उद्या बोलू करत मी टाळत राहिले. आता तुम्हाला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा कुठे लिहायला बसले आहे. तुमच्या मुलीला उशिरा सुचतं, हे तुम्ही म्हणायचातच.

बारावीचा निकाल घेऊन मी जळगावच्या कॉलेजातून घरी आले तेव्हा आईने पेढ्यांसाठी ताट काढून ठेवलं होतं. मी पास होते, पहिल्या वर्गात होते, आणि तरी रडत होते. हे काय प्रकरण आहे ते तिला कळेना. तेव्हा वेगळी प्रवेश परीक्षा नव्हती. डॉक्टर व्हायचं की इंजिनियर, सगळं बारावीच्या गुणांवर ठरायचं, आणि माझे गुण दोन्हीकडे थोडक्यात कमी पडले होते. पुन्हा परीक्षा द्यायची हे मी त्याच दिवशी ठरवलं. गावाला मात्र ते पटेना. पास झालेली पोरगी पुन्हा कशाला बसते, नक्की नापास झाली असेल, असं बोलणं सुरू झालं. तुम्ही सोसायटीच्या ओट्यावर बसून एकेकाला समजावत होतात, "डॉक्टर करायची हाये तिले. त्याले मार्क जास्ती लागतात." येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतात. मी पाणी आणायला निघाले की लोक विचारायचे, "काय डॉक्टरीणबाई?"

दिवाळीआधी फॉर्म भरायचा होता. भौतिक आणि रसायन दोन्हीकडे लागणारच होते, प्रश्न होता गणित की जीवशास्त्र. मी म्हटलं, दोन्ही पुन्हा देते. तुम्ही मला केळीत घेऊन गेलात. घड कापून नेलेल्या एका झाडाच्या बुंध्याशी चार-पाच पिलं फुटली होती. तुम्ही खाली बसलात आणि विळ्याने एकेक पील काढत राहिलात. एक ठेवलंत. "दोन ठेवले तं एकही पोसत नाही, बाई. एकच ठेवा लागते. कोन्तं ठेवाचं ते तुह्यं तू पाह्य." परीक्षेच्या फॉर्मचा निकाल केळीच्या शेतात लावणारे तुम्ही काही एकटे नव्हता, आपल्याकडे लग्नंसुद्धा तशीच ठरतात. पण मला ते पटलं. खरं सांगायचं तर सोयीचं वाटलं.

कारण मला जीवशास्त्राची भीती बसली होती. विषयाची नव्हे. विषय मला आवडायचा, आणि प्रयोगशाळेत चिरफाड करतानाचा माझा हात पाहून सर म्हणाले होते, "तू जीवशास्त्रच दे, तुझे गुण वाढणार." भीती होती ती ओट्यावरच्या लोकांची. डॉक्टर होणार म्हणून गाजावाजा झाला आणि दुसऱ्यांदाही गुण कमी पडले, तर तुम्ही त्या ओट्यावर कसे बसणार? गणितात पडले असते तर गावाला त्याचं काही नव्हतं. मी फॉर्ममध्ये गणित लिहिलं, आणि घरी येऊन सांगितलं, "जीवशास्त्राचे सरच म्हणाले, गणित दे." सरांचं नाव घेतलं की तुम्ही पुढे विचारणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

तुम्ही विचारलं नाहीत. त्याऐवजी दिवाळीच्या सुट्टीत बागेतला सगळ्यात मोठा घड निवडलात, पोत्यात गुंडाळलात, आणि दोन एस.टी. बदलून धुळ्याला सरांचे आभार मानायला गेलात. परत आलात तेव्हा मी ओसरीत अभ्यास करत होते. तुम्ही पाय धुतलेत, म्हणालात, "भला मानूस हाये मास्तर," आणि गुरांकडे गेलात.

सुट्टी संपल्यावर सरांनी मला प्रयोगशाळेबाहेर थांबवलं. "तुझे वडील आले होते. तुला चांगली वाट दाखवली म्हणून माझ्या पाया पडायला लागले. मी म्हणालो, अहो, मी तर तिला जीवशास्त्र दे म्हणत होतो. आणि एकच का, दोन्ही भरता येतात. त्यांनी चहा घेतला. निघताना म्हणाले, तिले काही बोलू नका सर. मी बोलणार नव्हतो, पण राहवलं नाही." मग त्यांनी सांगितलं की दंड भरून फॉर्म बदलायला अजून आठ दिवस आहेत. आठ दिवस, आबा. मी रोज कॉलेजच्या ऑफिसवरून जात होते आणि आत शिरत नव्हते.

त्या थंडीत आपण शेतात भरीत केलं होतं. कपाशीच्या काट्यांच्या जाळावर वांगी भाजत होतात तुम्ही, आणि मी शेजारी बसून वाट पाहत होते, आता बोलतील, आता रागावतील. तुम्ही मला भाजलेल्या मिरच्या ठेचायला दिल्यात. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या मास्तरनं घात केला माह्या पोरीचा. डॉक्टर झाली असती." तुम्ही एवढंच म्हणालात, "मास्तरले काही बोलू नको." तिने कारण विचारलं नाही, आणि तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते. तुम्ही चार शब्द सुनावले असते तर मी रडून सगळं ओकले असते.

मी इंजिनियर झाले. नोकरी चांगली लागली, संसार चांगला झाला, तक्रार करावी असं काही नाही. शेवटच्या आजारात दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तुम्ही आधी हे सांगायचात, "ही माही पोरगी. इंजिनियर हाये." त्यांना नाडी पाहायची असायची आणि तुम्ही त्यांचा हात सोडत नव्हता. मी पायथ्याशी उभी. डॉक्टर गेले की खोलीत आपण दोघंच उरायचो, पुष्कळदा.

मागच्या आठवड्यात आईकडे गेले होते. तिला आता कमी ऐकू येतं, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. जेवताना तिने पुन्हा सरांचा उद्धार केला. सर आता नाहीत, हे तिला माहीत आहे, तरीही बोलली. तुमच्यासारखं "मास्तरले काही बोलू नको" म्हणायलाही माझी जीभ उचलली नाही. ती जोरात म्हणाली, "खरं की नाही व?" आणि आबा, मी मान हलवून हो म्हटलं.